कोणाचे दार कोणत्या कामासाठी?

(पनवेलजवळील सुकापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



नवीन पनवेल मागे टाकून माथेरानच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात सुकापूर येते. रस्ता तोच असतो, दोन्ही बाजूंच्या इमारती साधारण सारख्याच असतात, सकाळी पनवेल स्थानकाकडे धावणाऱ्या रिक्षांतील माणसेही एकाच प्रकारची नोकरी करणारी, एकाच लोकलची वाट पाहणारी असतात. परंतु या रस्त्यावर एक रेषा आहे. ती डोळ्यांना दिसत नाही. नकाशावर मात्र ठळक आहे. रेषेच्या अलीकडे पनवेल महानगरपालिका आहे, पलीकडे पालीदेवद ग्रामपंचायत. अलीकडचा माणूस कायद्याच्या भाषेत नागर आहे आणि पलीकडचा ग्रामीण. दोघांच्या घराचे हप्ते सारखे, बाजारभाव सारखे, प्रवास सारखा. परंतु नळाला पाणी आले नाही तर जायचे कोठे, या प्रश्नाचे उत्तर मात्र दोघांचे वेगळे आहे. त्यातही अलीकडच्याला ते बहुधा ठाऊक असते, पलीकडच्याला बहुधा नसते.

आजचा विषय या न ठाऊक असण्याचा आहे. कोणते काम कोणत्या कचेरीचे, त्याला कागद कोणते, शुल्क किती, मुदत किती, आणि मुदतीत काम न झाल्यास पुढचे दार कोणते, ही माहिती वरवर पाहता किरकोळ वाटते. दूरध्वनी क्रमांकांची यादी छापणे हे दिनदर्शिकावाल्यांचे काम आहे, राजकीय कार्यकर्त्याचे नव्हे, असेही कोणाला वाटेल. ही समजूत चुकीची का आहे, हे पाहण्यासाठी प्रथम सुकापूरची स्थिती नीट मांडली पाहिजे.

एक वस्ती, अनेक धनी

पनवेलची नगरपालिका १८५२ सालची; राज्यातील जुन्यातल्या जुन्या नगरपालिकांपैकी एक. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली आणि नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर ही नगरे तिने आखली. १ ऑक्टोबर २०१६ रोजी जुने पनवेल, ही नगरे आणि २९ गावे मिळून पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. रायगड जिल्ह्यातील ही पहिली महानगरपालिका. तिची हद्द जेथे थांबली, तेथे शहर मात्र थांबले नाही. ते माथेरान रस्त्याने तसेच पुढे गेले.

परिणाम असा की सुकापूरच्या रहिवाशाला एकाच वेळी कितीतरी धनी आहेत. पिण्याचे पाणी, दिवाबत्ती, गटारे, कचरा, घरपट्टी, जन्ममृत्यूची नोंद, विवाहाची नोंद ही कामे ग्रामपंचायतीची. बांधकामाची परवानगी आणि विकास आराखडा मात्र ग्रामपंचायतीकडे नाही. नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्रासाठी, म्हणजे ज्याला सर्वजण ‘नैना’ म्हणतात त्यासाठी, शासनाने जानेवारी २०१३ मध्ये सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमले, आणि २०१७ मध्ये ज्या २३ गावांचा आराखडा मंजूर झाला त्यांत पालीदेवद आहे. प्राथमिक शाळा व प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे, तिचे मुख्यालय अलिबागला. शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला यांसाठी पनवेलचे तहसील कार्यालय. वीज महावितरणची. पोलीस मात्र रायगड जिल्ह्याचे नव्हेत, नवी मुंबई आयुक्तालयाचे. आणि लोकसभेचा मतदारसंघ मावळ, ज्याचा निम्मा भाग घाटावर पुणे जिल्ह्यात आहे.

यात भर म्हणून कचेऱ्यांतील पदांची नावेही बदलतात. २०२४ मध्ये ग्रामसेवकाचा ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झाला आणि तलाठ्याचा ‘ग्राम महसूल अधिकारी’. लोकांच्या तोंडी अजून जुनीच नावे आहेत. नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाला या दोघांतील फरकच माहीत नसतो. घराचा ग्रामपंचायतीकडील ‘नमुना ८’चा उतारा एकाकडे मिळतो आणि जमिनीचा सातबारा दुसऱ्याच्या अखत्यारीत येतो, हे दोनचार खेपा वाया गेल्यावर कळते. त्या खेपांत पगारी माणसाच्या रजा जातात आणि रोजंदारीच्या माणसाची मजुरी.

माहितीचे अर्थकारण

अर्थशास्त्रात सार्वजनिक वस्तूची एक व्याख्या आहे. पॉल सॅम्युएल्सन यांनी १९५४ मध्ये तिला काटेकोर रूप दिले. एकाने उपभोग घेतल्याने दुसऱ्याच्या वाट्याचे कमी होत नाही, अशी ती वस्तू. कचेरीचा पत्ता आणि कामाची मुदत ही माहिती नेमकी तशी आहे. ती शेजाऱ्याला सांगितल्याने सांगणाऱ्याचे काहीच घटत नाही. मग अशी वस्तू दुर्मीळ का असावी? कारण तिच्या दुर्मीळतेवर कोणाचा तरी चरितार्थ चालतो. दाखल्याचा अर्ज भरून देणारा मध्यस्थ विकतो ते आपले श्रम थोडे आणि समोरच्याचे अज्ञान अधिक. ज्या दिवशी अर्जाचा नमुना, लागणारे कागद आणि सरकारी शुल्क भिंतीवर स्वच्छ अक्षरांत लागेल, त्या दिवशी मध्यस्थाचा दर खाली येईल. तो दर हा प्रत्यक्षात एक कर आहे, आणि तो गरिबाला अधिक जाचतो. कारण सुशिक्षित माणूस चौकशी करून काम उरकतो आणि घरकाम करणारी बाई तेवढ्याच दाखल्यासाठी दोन दिवसांची कमाई मोजते.

खरेदीदार आणि विक्रेता यांना सारखी माहिती नसली की बाजार कसा बिघडतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवले आणि त्या विचाराला २००१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. सुकापूरसारख्या वस्तीत सदनिका घेणाऱ्याला हे निराळे शिकवावे लागत नाही. इमारतीची परवानगी कोणी दिली, भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे की नाही, पाण्याची जोडणी कोणाची, हे विकणाऱ्याला ठाऊक असते. घेणाऱ्याला ठाऊक असते ते मासिक हप्त्याचे. १ मे २०१७ पासून महारेराची व्यवस्था सुरू झाली. नोंदणीकृत प्रकल्पाची कागदपत्रे आज कोणालाही विनामूल्य पाहता येतात. माहिती खुली आहे. ती पाहायची असते एवढेच कोणी सांगितलेले नसते. खुली असलेली परंतु न पोहोचलेली माहिती ही बंद असलेल्या माहितीपेक्षा फारशी निराळी नसते.

पंचावन्न लिटर आणि एकशे पस्तीस लिटर

आता सर्वांत मोठ्या प्रश्नाकडे, पाण्याकडे, वळले पाहिजे. या भागातील पाण्याचा भूगोल मोठा बोलका आहे. माथेरानच्या डोंगरातून गाढी नदी निघते आणि याच पट्ट्यातून वाहत पनवेलकडे जाते. तिच्यावरचे देहरंग धरण पनवेल शहराच्या जुन्या नगरपालिकेचे. ते गाळाने भरत आलेले, उन्हाळ्यात अपुरे पडणारे. दुसरा स्रोत पाताळगंगेचा. घाटमाथ्यावर अडवलेले पाणी खोपोलीच्या वीजगृहात उतरते, १९१५ पासून मुंबईसाठी वीज निर्माण करते आणि मग पाताळगंगेत येते. तेथून महाराष्ट्र जीवन प्राधिकरण व औद्योगिक विकास महामंडळ ते उचलून पनवेल परिसराला देतात. तिसरा स्रोत मोरबे धरण. ते खालापूर तालुक्यात आहे, पण मालकीचे आहे नवी मुंबई महानगरपालिकेच्या. डोंगर जवळ आहे आणि पाऊस भरपूर आहे. तरीही नळ कोरडा राहतो. कारण पाणी उताराच्या नियमाने कमी आणि हद्दीच्या नियमाने अधिक वाहते.

हद्दीचा हा नियम आकड्यांत मांडता येतो. शहराच्या पाणीपुरवठ्याची आखणी करताना, जेथे नळ आणि मलनिःसारण या दोन्ही सोयी आहेत तेथे, दरमाणशी दररोज १३५ लिटरचे प्रमाण धरतात. ग्रामीण भागासाठी २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनचे प्रमाण दरमाणशी ५५ लिटरचे आहे. ज्या गावात विहीर आहे, ओढा आहे, घरामागे परसू आहे, त्या गावासाठी ५५ लिटरचा हिशेब एकवेळ समजू शकतो. पण चौथ्या मजल्यावरच्या सदनिकेत राहणाऱ्या कुटुंबाचे शौचालय, न्हाणी आणि भांडी हे सर्व नळावर अवलंबून असते. त्याची गरज रेषेच्या अलीकडच्या कुटुंबाएवढीच आहे.

उदाहरणादाखल ६० सदनिकांची एक इमारत घ्यावी आणि प्रत्येक घरात पाच माणसे धरावीत. ५५ लिटरच्या हिशेबाने एका घराला २७५ लिटर मिळतात, १३५ लिटरच्या हिशेबाने ६७५. फरक ४०० लिटरचा. साठ घरांचा फरक झाला २४,००० लिटर. दहा हजार लिटरचे दोन टँकर पूर्ण आणि तिसऱ्याचा जवळपास निम्मा. तोही दर दिवशी. ग्रामपंचायत आपले प्रमाण चोख पाळत असली तरीही हा फरक उरतोच. टँकरचा धंदा कोठून उगवतो याचे उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. तो या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत उगवतो. आणि टँकरचे पैसे सोसायटीच्या मासिक वर्गणीतून जातात, म्हणून ते कोणाला कर वाटत नाहीत, आणि कर न वाटल्यामुळे त्यांच्याविरुद्ध मोर्चाही निघत नाही.

येथे ग्रामपंचायतीच्या सदस्यांना खलनायक ठरवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ते न्याय्य होणार नाही. शेतीच्या गावासाठी १९५८ च्या अधिनियमाने उभे केलेले हे यंत्र आज गगनचुंबी इमारतींचा भार वाहते आहे. इमारतीला परवानगी देण्याचा अधिकार दुसऱ्याचा आणि त्या इमारतीला पाणी देण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीची, अशी ही विभागणी आहे. जनगणना ज्या गावाची लोकसंख्या किमान ५,०००, घनता चौरस किलोमीटरला किमान ४०० आणि जेथील किमान ७५ टक्के पुरुष मुख्य कामगार बिगरशेती व्यवसायात आहेत, त्या गावाला नागरी वस्ती मानते. सुकापूरला या कसोट्या लावून पाहाव्यात. जनगणनेच्या नजरेतून जी वस्ती नागरी ठरेल, ती कारभाराच्या नजरेत ग्रामीणच राहते. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून ग्रामीणातून नागरी होत असलेल्या क्षेत्रासाठी नगरपंचायतीची तरतूद केली, ती अशाच वस्त्यांसाठी. ती हवी, महापालिकेत समावेश हवा, की सबळ ग्रामपंचायत हवी, हा निर्णय येथील लोकांचा. परंतु तिन्हींत पाण्याचे, कराचे आणि प्रतिनिधित्वाचे काय होईल, हे मांडल्याशिवाय घेतलेला निर्णय लोकांचा म्हणता येणार नाही.

सभेत कोण बसते?

ग्रामसभा ही या व्यवस्थेतील अशी गोष्ट आहे जी महापालिकेच्या नागरिकालाही मिळत नाही. वर्षातून किमान चार वेळा तिने भरले पाहिजे. तिच्यापुढे हिशेब आला पाहिजे. प्रत्येक ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा झाली पाहिजे. मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी, तेवढी गणपूर्ती लागते. हजारोंच्या वस्तीत १०० माणसे! सदनिकांतील बहुसंख्य कुटुंबे या सभेला कधी जात नाहीत. त्याचे एक कारण रविवारचा आळस असेल. पण मोठे कारण असे की ग्रामसभेचा सदस्य होतो तो मतदार यादीत नाव असलेला माणूस, आणि अनेकांचे नाव अजून मूळ गावी, कोकणात किंवा घाटावर, आहे. जेथे पाणी प्यायचे तेथे मत नाही आणि जेथे मत आहे तेथले पाणी प्यायचे नाही, अशी ही विचित्र स्थिती आहे. मतदार यादीतील स्थलांतराचा अर्ज कसा भरायचा, ही किरकोळ वाटणारी माहितीच येथे लोकशाहीची पहिली पायरी ठरते.

याची दुसरी बाजूही कार्यकर्त्याने विसरू नये. येथील मूळ ग्रामस्थांनी, आगरी-कराडी शेतकऱ्यांनी, जमिनी गेल्याचा इतिहास पाहिला आहे. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तानच्या लढ्यात सिडकोच्या जमीन संपादनाविरुद्ध पाच जणांचे प्राण गेले, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्याची आठवण येथे अजून ताजी आहे. नैनाच्या नगररचना योजनेत मालकाकडे ४० टक्के जमीन राहते, म्हणून आजही अनेक गावांत विरोध आहे. इमारतींतील लोक ग्रामसभेत आले की आपली सभा आपली राहणार नाही, ही ग्रामस्थांची भीती पोकळ नाही. ‘हे गाववाले’ आणि ‘ते बिल्डिंगवाले’ ही भाषा दोघांच्याही तोंडी आहे, आणि या भाषेचा फायदा तिसराच कोणी घेतो. दोघांच्या हातात एकच कागद, एकच हिशेब असेल तर संवादाला निदान जागा मिळते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांसाठीच बांधून दिली होती. ती किती आली आणि कशावर खर्च झाली, हा प्रश्न गाववाल्याचाही आहे आणि बिल्डिंगवाल्याचाही.

महाडचा धडा

कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांतील अंतर याच जिल्ह्याने एकदा देशाला दाखवले आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये संमत झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव दप्तरात राहिला. तळ्यावर कोणाला जाता आले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह तळ्यावर गेले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ प्राप्त झाला. त्या घटनेची तुलना दाखल्यांच्या खेपांशी करणे हा तिचा अवमान होईल. तेथे प्रश्न माणूस म्हणून मान्यतेचा होता. परंतु त्यातून निघणारा एक धडा आजच्या कामालाही लागू आहे: हक्काचा कागद आपोआप पाण्यापर्यंत चालत जात नाही, माणसांना तो घेऊन जावे लागते.

आज कागद कमी नाहीत. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ सांगते की प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने, म्हणजे ग्रामपंचायतीनेही, आपली कर्तव्ये, कार्यपद्धती, अंदाजपत्रक आणि सवलती मिळालेल्यांची माहिती कोणी न मागता प्रसिद्ध करावी, तीही स्थानिक भाषेत. मागावी लागली तर दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही शुल्क नाही. २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम सांगतो की अधिसूचित सेवा ठरल्या मुदतीत मिळाली पाहिजे, अर्जाची पोच मिळाली पाहिजे, आणि विनाकारण विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. विजेच्या तक्रारीसाठी महावितरणचा १९१२ हा क्रमांक आहे. तेथे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे आणि त्यापुढे विद्युत लोकपाल. संकटात ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, संकटातील मुलासाठी १०९८, महिलेसाठी १८१, ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३०. हे क्रमांक कितीजणांना पाठ आहेत, हे प्रत्येक इमारतीच्या जिन्यात उभे राहून विचारावे.

काम कसे करावे

गोरेगाव एकेकाळी ग्रामपंचायत होते. मृणाल गोरे १९६१ मध्ये मुंबई महापालिकेत निवडून गेल्या, त्यापूर्वी त्यांनी त्या ग्रामपंचायतीत काम केले होते. लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हटले ते एखाद्या सिद्धांतासाठी नव्हे, नळासाठी. अमेरिकेतील मिल्वॉकी शहरात १९१० पासून समाजवादी महापौर निवडून येत. ते गटारे, पाणी आणि सार्वजनिक आरोग्य यांबद्दल इतके बोलत की त्यांच्याच विचाराच्या काहींनी त्यांना थट्टेने ‘गटार-समाजवादी’ म्हटले. त्यांपैकी डॅनिएल होन हे १९१६ ते १९४० अशी चोवीस वर्षे महापौर राहिले. थट्टा विसरली गेली, गटारे राहिली.

सुकापुरात सुरुवात लहानच करावी लागेल. प्रत्येक इमारतीसाठी आणि जुन्या गावठाणातील प्रत्येक आळीसाठी एका पानाचा तक्ता असावा: काम, कचेरी, अधिकाऱ्याचे पद, लागणारे कागद, शुल्क, मुदत, आणि अपील कोठे. त्यावर तपासल्याची तारीख असावी आणि दर तीन महिन्यांनी तो पुन्हा तपासावा. कारण चुकीची माहिती ही माहिती नसण्यापेक्षा वाईट, ती माणसाची खेप फुकट घालवते. त्यावर कोणाचा फोटो नसावा. सोबत पाण्याची एक वही असावी: नळ किती वाजता आला, किती वेळ टिकला, टँकर किती आले, त्यांना किती रुपये गेले. धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली गोखले संस्थेने पुणे शहराची जी पाहणी केली, तिचे खंड १९४५ आणि १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. तिचे बळ घराघरांतून गोळा केलेल्या साध्या नोंदींत होते. वर्षभराची अशी वही ग्रामसभेपुढे ठेवली, तर पाणी कमी येते असे म्हणावे लागणार नाही. किती कमी येते हे दाखवता येईल.

आणि एक धोका. अर्ज भरून देणारा, रांगेत उभा राहणारा कार्यकर्ता लोकांना आवडतो. हळूहळू लोक त्याच्याच दारात येऊ लागतात, कचेरीच्या दारात जात नाहीत. तो पैसे घेत नाही, पण उपकार घेतो. आणि निवडणुकीत त्या उपकाराची वसुली होते. बिनपैशाचा मध्यस्थ हाही मध्यस्थच. पहिल्या वेळी त्याने सोबत जावे, दुसऱ्या वेळी रस्ता दाखवावा, तिसऱ्या वेळी त्या बाईनेच शेजारणीला घेऊन कचेरीत गेले पाहिजे. ज्या दिवशी सुकापुरातील माणसाला नळ, दिवा किंवा दाखला यासाठी कार्यकर्त्याची गरज उरणार नाही, त्या दिवशी हे काम पुरे झाले असे समजावे. मग तोच माणूस ग्रामसभेत उठून पंचावन्न आणि एकशे पस्तीस यांतील फरकाचा जाब विचारील, आणि तेव्हा त्याला विचारायला कोणी शिकवावे लागणार नाही.